धोंडुबाईचा पाय

“लांब हो. हात लावू नगंस मला.”

धोंडुबाईनं सुनेचा हात असा काही झिडकारला की इन्सुलिनची सुई फरशीवर पडून कॉटखाली घरंगळत गेली, आणि कुपवाडच्या त्या दोन खोल्यांच्या घरात जमलेल्या शेजारच्या बाया दोन पावलं मागं सरल्या. अंजना तशीच उभी राहिली. एका हातात स्पिरिटचा कापूस, दुसरा हात रिकामा... आणि समोर, गुडघ्याखाली बँडेज गुंडाळलेला अर्धा पाय पुढं टाकून बसलेली सासू भिंतीकडं तोंड फिरवून.

“बघा बायांनो, बघा,” माया म्हणाली. माया ही धोंडुबाईची थोरली लेक. आईला आपल्याकडं न्यायला म्हणून ती सकाळीच जीप घेऊन आली होती. “सून शिस्टर हाय म्हनून माझी आय चार गावांत मिरवत हिंडली, आन् त्याच सुनंनं हिचा पाय कापून घेतला. काय राहिलं आता हितं?”

“आत्या, भांडायचं तर माझ्याशी भांडा,” अंजना सासूला म्हणाली. तिनं खाली वाकून सुई शोधून काढली, बाजूला टाकली आणि नवी काढली. “साखर चढली तर जखम भरायची न्हाई.”

“न्हाई भरली तर न्हाई भरंल. तुझ्या हातनं नगं.”

अंजनानं मान वळवून दाराकडं पाहिलं. दारात तिचा नवरा उभा होता, मल्हार, धोंडुबाईचा एकुलता एक लेक. बोला की हो... एकदा तरी तोंड उघडा! तिचं सारं अंतःकरण त्या एका नजरेत गोळा होऊन त्याच्यापुढं पदर पसरून उभं राहिलं; पण मल्हार आपल्या चपलेचा अंगठा बघत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तशातली गत झाली होती. आणि गंमत अशी की त्या चोराबद्दल एक चकार शब्द काढायचा नाही, हे त्या संन्याशानंच कबूल केलेलं!

ते कबूल का केलं, हे सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

धोंडुबाई मूळची जतच्या पूर्वेची. तिकडं पाऊस आठवण काढल्यासारखा येतो, आणि म्हणून माणसं मेंढरांच्या मागं चालतात. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, कडेवर पोर घ्यायचं आणि ओल्या मुलखाची वाट धरायची. ऊस तुटलेल्या रानात मालक मेंढरं बसवून घेतो, रानाला खत मिळतं, धनगराला धान्य मिळतं. धोंडुबाईचा जन्म असा चालण्यात गेला. नवरा वारला तेव्हा मेंढरं जावई नानासोकडं, म्हणजे मायाच्या नवऱ्याकडं गेली, आणि म्हातारी कुपवाडला लेकाकडं आली. मल्हारनं लहानपणी मेंढरं राखली होती, पण आता कितीतरी वर्षं तो तिथल्या कारखान्यात लेथ मशीनवर होता. घराला दोन खोल्या, मागं पत्र्याची भिंत, पुढं सिमेंटचा बोळ. चालून चालून जाणार कुठं?

पण सासू-सुनेचं जमलं, अगदी दृष्ट लागावी असं जमलं. अंजना माधवनगरची, गिरणी कामगाराची मुलगी, मेंढरू जवळून कधी न बघितलेली. सरकारी आरोग्य केंद्रात ती नर्स होती आणि कारखान्यांच्या मागच्या चाळी तिच्याकडं होत्या. त्या चाळींत म्हातारी माणसं फार. कुणी जतचं, कुणी विजापूरकडचं, कुणी थेट बिहारचं. लेकाला इथं काम लागलं म्हणून उतारवयात गावाची मुळं तोडून आलेली, आणि दुखलं-खुपलं कुणाला सांगावं तेच न कळणारी. अंजना त्यांच्या दारोदार ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन हिंडायची आणि गुरुवारी मारुतीच्या देवळापुढं त्यांना गोळा करून सांगायची: मीठ कमी करा, गोळी बुडवू नका, आणि साखरेचा आजार असेल त्यानं रोज आपले पाय उलटेपालटे करून बघा, कारण साखरेनं पायाची जाणीव जाते, काटा मोडला तरी कळत नाही. धोंडुबाई पहिल्या रांगेत बसायची आणि विजापूरकडच्या म्हाताऱ्यांना तेच सगळं कानडीत समजावून द्यायची.

“माझी सून सांगतीया,” ती शेवटी म्हणायची. “तिचं ऐका. तिला लय कळतंय.”

हे सगळं खरं. पण दिव्याखाली अंधार असतो तो असतोच. धोंडुबाईला स्वतःला साखर होती, आणि तिचे पाय बधिर होत चालले होते. अंजनानं तिला साखरेचं कारण दहादा सांगितलं. तिनं दहादा मान हलवली, आणि मनात धरलं ते आपलंच. “पाय मेलं माझं,” ती लेकाला म्हणायची. “चालणं थांबलं, तवा पाय बी मेलं. त्यास्नी जागं कराय पायजे.”

धनगराला मेलेला पाय जागा करायचा एकच उपाय ठाऊक. मेंढी लुळी पडली की विळा तापवून लाल करायचा आणि पायाला डाग द्यायचा. जनावर झटका देऊन हललं, की समजायचं लागू पडला. मग विळा काढायचा. माणसालाही तसंच. पाठ धरली, पोट दुखलं, डाग. मल्हारच्या स्वतःच्या पोटावर लहानपणीचा डाग होता, आईनंच दिलेला.

अंजना लसीकरणाच्या कामावर गेली होती त्या दिवशी आईनं लेकाला गॅसवर विळा तापवायला लावला. आधी तो नको म्हणाला. पण आई रडली, म्हणाली, तुझा बाप असता तर त्यानं दिला असता डाग. मल्हारनं तिच्या घोट्याखाली विळा टेकवला आणि ती हलायची वाट बघत राहिला... ती हललीच नाही. डाग कमी पडला, असं त्याला वाटलं. त्यानं विळा तसाच दाबून धरला. म्हातारी त्याच्या तोंडाकडं बघत शांत बसली होती, आणि ती मायलेकरं दोघंही पाय कधी हलतो म्हणून थांबली होती.

चर्र वाजून धूर निघाला तेव्हा कुठं मल्हार भानावर आला.

पुढं काय व्हायचं ते झालं. जखमेत देवाचा भंडारा भरला, वर लुगड्याचा तुकडा बांधला आणि पाय मुरगळला म्हणून सुनेला सांगितलं. अंजना कामावरून थकून यायची, सासूचा पाय पदराआड असायचा. शेवटी घरात वास सुटला. अंजनानं ती चिंधी सोडली आणि कुजलेल्या मांसात विळ्याच्या पात्याची वाकडी रेघ तिला स्पष्ट दिसली. तिनं लगेच रिक्षा बोलावली.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाय काढला तर जीव वाचेल. मल्हार व्हरांड्यात भिंतीला डोकं आपटून घेत होता. त्यानं बायकोला सगळं सांगितलं, विळ्यासकट, धुरासकट. मग तिचे दोन्ही हात धरले.

“अंजना, आयला सांगू नगं. तिला वाटतंय डागानं बरं वाटत हुतं. लेकाच्या हातानं पाय गेला हे तिला कळलं तर ती अन्न सोडंल ग. तिच्यासाठी म्हनून तरी...”

अंजनाला त्या क्षणी त्याचा इतका संताप आला होता की त्याच्या हातांचा स्पर्शही तिला नकोसा झाला. पण आत ती म्हातारी मरणाशी झुंजत होती, आणि झुंजणाऱ्याच्या काळजावर आणखी धोंडा ठेवायचा नाही, एवढं नर्सला कळतं. ती बरं म्हणाली. धोंडुबाई शुद्धीवर आली, पांघरुणाखाली चाचपडली, एक पाय संपतो तिथं तिचा हात थबकला.

“कुणी कापाय सांगितला?” तिनं विचारलं.

“मी,” अंजना म्हणाली.

तेव्हापासून सासूनं तिच्या हातचं पाणीही घेतलं नव्हतं. आता माया तिला घेऊन चालली होती, फलटणच्या बाजूला, जिथं नानासोच्या मेंढरांचा तळ पडला होता. अंजनानं औषधांची पिशवी भरली, सुया भरल्या, कापूस भरला आणि जीपपर्यंत मागं मागं गेली.

“वन्सं, एवढं तरी ऐका. सगळा भार आता एकाच पायावर हाय. त्यो रोज बघा. टाच तांबडी झाली, फोड आला, की लगीच दवाखाना. घरचं काय बी करू नका.”

“तुझ्यापेक्षा बरंच करू,” माया म्हणाली आणि पिशवी तिथंच कट्ट्यावर ठेवून दिली.

एक वाक्य... एकच वाक्य उच्चारलं असतं तर जीप थांबली असती! ते वाक्य अंजनाच्या ओठांपर्यंत आलं, आणि तिला जीपमध्ये मागं डोकं टेकून बसलेली सासू दिसली, गाल बसलेली, लेकाकडं डोळे लावून बसलेली. लेकाची आसक्ती एवढीच तर तिची शिदोरी होती. अंजनानं ते वाक्य गिळलं. मल्हारनं पिशवी उचलून पळत जाऊन आईच्या मांडीवर ठेवली, तेवढं एक काम त्यानं केलं.

जीप वळणावर दिसेनाशी झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “आत्या बऱ्या होऊ देत. मग मी माधवनगरला जाणार, आईकडं. परत यायची न्हाई.”

मल्हार कट्ट्यावर जाऊन बसला. न बोलण्याची त्याला आता सवयच लागली होती.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार एकट्या घरात असता तरी तिनं सोसला असता. पण चाळींत बोभाटा झाला. पुढच्या गुरुवारी मारुतीपुढं मोजकीच माणसं आली. बनुबाई म्हणून विजापूरकडची एक म्हातारी तिच्या फार लोभातली. ती दिसली नाही म्हणून अंजना तिच्या खोलीवर गेली, तर बनुबाईनं दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

“काय झालंय पायाला, आजी?”

“काय न्हाई. काय न्हाई झालं.”

“दाखवा बघू.”

“नको बाय. तू बघितलंस की कापतीस म्हणे.” बनुबाईची सून बाहेर आली आणि ओशाळून म्हणाली, “शिस्टर, तिला भ्या वाटतंय. तुमी जावा.”

अंजना त्या बोळात मशीनची बॅग छातीशी धरून उभी राहिली. लोकांनी आपल्याला सासूची वैरीण म्हणावं, नवऱ्यानं गप्प राहावं... हे एक वेळ ठीक. पण आपल्या मौनापायी दुसऱ्या कुणाचा पाय सडायला लागला, तर ते मौन कसलं पुण्याचं? ती घरी आली आणि पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडली.

“तुमच्यासाठी मी गप्प हाय, आन् तिकडं बनुबाई जखम लपवून बसलीया माझ्यापासून. कुणाकुणाचा पाय घालवायचा अजून?”

मल्हारनं उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. नानासोचा फोन होता. अंजनाला पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

“मल्हार, आय तापानं फणफणलीया. उरलेल्या पायाच्या टाचंला फोड आला हुता, त्यो काळा पडलाय. पाय बधिर हाय, डाग द्यावा म्हनतोय आमी, तर ती नगंच म्हनतीया. तुझं ऐकंल ती. समजावून सांग जरा.”

मल्हारचा चेहरा पांढराफटक पडला. अंजनानं फोन ओढून घेतला. “पाव्हणं, डाग देऊ नगासा. हात जोडते. आमी येतोय, तवर काय बी करू नगासा.”

“तुझं ऐकूनच ही पाळी आली न्हवं,” नानासो म्हणाला आणि फोन बंद झाला.

शेजारच्या बिरदेवची व्हॅन होती. तो लगेच निघाला. फलटण जवळ आल्यावर अंजना खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आज तुमी न्हाई बोललासा तर मी बोलणार. मग आत्याचं काय व्हायचं ते होऊ दे.”

“व्हय,” मल्हार म्हणाला.

तुटलेल्या उसाच्या फडात मेंढरं बसली होती. एका बाजूला पालं, पालापुढं तीन दगडांत विस्तव, आणि विस्तवात खुपसलेला विळा. मल्हारनं तो पाहिला आणि त्याचे पाय जागीच रुतले. अंजना मात्र धावत गेली आणि हातातल्या पिशवीनं विळा विस्तवाबाहेर ढकलला.

माया पुढं झाली. “एक पाय खाल्लास, आता ह्यो बी पायजे व्हय तुला? कोण तू सांगणारी?”

“डाग नगं.”

पालाच्या आतून आवाज आला, खोल गेलेला, पण स्वच्छ. धोंडुबाई घोंगड्यावर पडली होती. अंजनानं दुरूनच पाहिलं आणि तिला कळून चुकलं. ताप नुसता पायात नव्हता, रक्तात गेला होता.

“आय, अगं तुझी पोरं बारकी हुती तवा तूच डाग देत हुतीस की,” नानासो म्हणाला. “आता का नगं म्हनतीस?”

“नगं म्हनलं न्हवं,” धोंडुबाई म्हणाली. “त्यो पाय बी डागानंच गेला.”

फडात वारा होता, तोही थांबल्यासारखा वाटला. अंजना पालाकडं बघतच राहिली... सासूला ठाऊक होतं! पहिल्यापासून ठाऊक होतं!

“डागानं?” मायानं आईकडं पाहिलं, मग भावाकडं. “कुणी दिला डाग?”

मल्हारचे ओठ हलले; पण आईनं त्याच्याकडं न बघताच हात वर केला.

“म्या. घरात कोण नव्हतं तवा गॅसवर इळा तापवला आन् घेतला लावून. म्याच माझ्या हातानं केलं. ह्या पोरीनं जीव वाचीवला माझा. तिच्यावर बोल ठेवू नगासा कुणी.”

आता बघा, सुटला होता गडी! आईनं सुनेलाही मोकळं केलं होतं आणि लेकालाही. मल्हारनं आणखी एकदा नुसतं गप्प राहायचं होतं, आणि त्यात तर त्याचा हात कुणी धरला नसता. पण माणसाच्या आतही काहीतरी असतं, ते कधीतरी जागं होतं. तो खाली बसला. फडातल्या मातीत, मेंढरांच्या लेंड्यांत, लहान पोरासारखा मांडी घालून.

“आय खोटं बोलतीया, अक्का,” तो म्हणाला. “डाग म्या दिला. अंजनाला सगळं म्हाईत हुतं. मीच तिला गप्प बसवलं.”

मायानं तोंडावर पदर घेतला. भावाला मारायला उचललेला तिचा हात हवेतच राहिला, आणि मग तीच मटकन खाली बसून हमसाहमशी रडू लागली. अंजना पालात गेली. सासूच्या उशाशी बसून तिनं कपाळावर हात ठेवला, आणि या वेळी तो कुणी झिडकारला नाही.

“तुला ठावं हुतं?” धोंडुबाईनं हळूच विचारलं.

“व्हय, आत्या. आन् तुमाला?”

“जल्म मेंढरांत गेला बाय. जळालेलं कवा सडाय लागलं, मला वासावनं कळत न्हाई व्हय?”

“मग माझ्यावर का... सगळ्यांपुढं माझ्यावर का ढकललंसा?”

म्हातारीचे डोळे भरून आले. ते पुसायलाही तिच्यात बळ नव्हतं. “आयचा पाय जाळणारा, असं नाव पडलं असतं त्याचं भावकीत. त्यो जगला नसता. मला वाटलं, तू परक्याची लेक. तुला म्हायेर हाय, नोकरी हाय, तू सोसशील. तुझ्याकडं बघितलं की मला माझीच लाज वाटायची, म्हनून त्वांड फिरवत हुते. लय वाईट वागले म्या तुझ्याशी.”

खोटं कशाला सांगा, अंजनाला रागही आला. इतक्या दिवसांची ती अवहेलना, तो बनुबाईचा बोळ, ते जाणूनबुजून केलेलं होतं तर! पण ताप हाताला भाजत होता, श्वास उथळ झाला होता, आणि राग करायला वेळ नव्हता. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, सासूचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोटघोट पाणी पाजलं. धोंडुबाई प्याली.

साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, हाही पाय काढावा लागेल, तरी वाचेलच असं नाही. मल्हार म्हणाला, काढा. माया म्हणाली, काढा. धोंडुबाईनं सुनेला बोलावलं.

“काढला तर मी जगंन?”

अंजनानं आजवर कितीतरी रुग्णांना खोटा धीर दिला असेल. हिला देववला नाही. “खात्री न्हाई, आत्या. लय थोडी आशा हाय.”

“मग ऱ्हाऊ दे. एक पाय घेऊन वर गेले तर नवरा वळखंल तरी मला. कुपवाडला ने. तिथं माझी मानसं हाईत.”

अंजनाला हे निमूट ऐकणं कठीण गेलं. पण मागच्या वेळी म्हातारीला न विचारता ठरवलं होतं, तिला शुद्ध नव्हती म्हणून. आता शुद्ध होती. तिनं डॉक्टरांना तसं सांगितलं. दुखणं कमी करायची औषधं घेतली आणि सासूला घरी आणलं.

ज्या कुपवाडनं अंजनाला नावं ठेवली होती, तेच कुपवाड त्या कॉटभोवती गोळा झालं. धोंडुबाई येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला पांघरूण बाजूला करून आपली काळी टाच दाखवायची. “डोळं भरून बघा,” ती म्हणायची, कधी मराठीत, कधी कानडीत. “ह्यो बघितला न्हाई म्हनून गेला, आन् त्यो डागला म्हनून गेला. आता तुमचं हिला दाखवा.” आणि कुणी विचारलं, डाग कुणी दिला, तर मल्हार तिथंच बसलेला असायचा. तो सांगायचा. दर वेळी त्याचा आवाज फाटायचा, पण सांगायचा. बनुबाई आली तेव्हा तिनं आधी ती टाच पाहिली, मग कॉटच्या कडेला बसून आपली चिंधी सोडली. बोटाच्या बेचक्यात जखम होती, अजून भरून येण्यासारखी. अंजनानं तिथंच बसून ती धुतली.

धोंडुबाईचं सगळं अंजनाच करायची. कूस बदलायची, अंग पुसायची, पातळ पेज भरवायची. माया मदतीला राहिली होती, पण म्हातारी हाक मारायची ती सुनेला. एका दुपारी घरात दोघीच असताना ती म्हणाली, “मल्हार सांगत हुता. तू जाणार हाईस.”

अंजना हातातला रुमाल पिळत राहिली. आता काय येणार, ते तिला कळलं होतं. मरणाऱ्या आईचा शब्द... लेकाला टाकू नकोस, एवढं वचन दे. आणि ते आपल्याला द्यावं लागणार, कारण अशा वेळी नाही म्हणणारी जीभ आपल्याला दिलेलीच नाही. एक ओझं उतरलं नाही तोवर दुसरं; आणि हे जन्मभराचं. तिनं मन घट्ट केलं.

“बोला, आत्या.”

“म्या तुला राहा म्हननार न्हाई.”

अंजनानं दचकून वर पाहिलं.

“लेकासाठी एकदा तुझा बळी दिला म्या. आता मरताना तुझ्याकडनं वचन घेऊन पुन्यांदा देऊ?” धोंडुबाई थांबून थांबून बोलत होती, प्रत्येक शब्दाला दम जमवत. “माझी आण न्हाई, शपथ न्हाई. जावंसं वाटलं तर जा. राहावंसं वाटलं तर राहा. कुणी काय इचारलं तर सांग, सासूनं मोकळी केलीया.”

पाय कापला तेव्हा न रडलेली, झिडकारली तेव्हा न रडलेली, बोळात उभी राहून न रडलेली अंजना त्या म्हातारीच्या छातीवर डोकं ठेवून रडली... असं रडली की बाहेर कपडे वाळत घालणारी माया धावत आत आली आणि दोघींना बघून दारातच थांबली. धोंडुबाईचा हात सुनेच्या केसांवरून फिरत होता.

दोन दिवसांनी पहाटे ती गेली. अंजनाच्याच मांडीवर गेली, मल्हारनं पाय धरला होता.

तेराव्याला पै-पाहुणे येऊन गेले. माया निघताना अंजनाच्या गळ्यात पडून म्हणाली, “वयनी, माझं चुकलं,” आणि अंजनानं तिला पोटाशी धरलं. जीप गेली, बिरदेवनं मांडवाचं कापड सोडून नेलं, घर रिकामं झालं. अंजना आत येऊन कॉटवरची गोधडी घडी घालू लागली. मल्हार दारात उभा होता. त्याच्या गालांची हाडं वर आली होती, दाढी वाढली होती, आणि त्याला काहीतरी विचारायचं होतं हे तिला पाठमोरी असूनही कळत होतं.

“तुझी बॅग भरलेली दिसली मला,” तो म्हणाला. “आडवणार न्हाई मी. आयनं सांगितलंय. कवा निघणार?”

अंजनाला त्याला माफ करता आलं होतं का? नव्हतं. तेवढ्यासाठी किती काळ लागेल, किंवा कधी येईल की नाही, हेही तिला सांगता आलं नसतं. पण आईच्या कॉटभोवती जमलेल्या माणसांपुढं प्रत्येक वेळी फाटणारा त्याचा आवाज तिनं ऐकला होता, आणि आता तिला कुणी काही करायला भाग पाडत नव्हतं. तिनं घडी केलेली गोधडी त्याच्या हातात दिली.

“आज न्हाई,” ती म्हणाली.